गालाला जागा

रविवारी दुपारी जेवताना मी माझाच ओठ चावला. खालचा, डाव्या बाजूला, आतून. शहात्तर वर्षांत ओठ काही पहिल्यांदा चावला गेला नव्हता, पण एवढ्या जोरात, पावाच्या तुकड्यासकट, कधीच नाही. दात माझे स्वतःचे आहेत, दोन दाढा सोडल्या तर सगळे, आणि त्याचा मला थोडा ताठाही आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना कवळ्या करून देणाऱ्या बाईच्या तोंडात स्वतःचे दात असावेत ही काही लहान गोष्ट नाही. तोंडात रक्ताची ती लोखंडी चव पसरली. मी रुमाल लावून बसले. मुलगा बोलतच होता, कारण त्याचं लक्ष ताटाकडे होतं. तो लिफ्ट तपासण्याच्या कामावर आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट सांगताना आधी वजन, मग धोका, मग उपाय असं सांगतो. आत्याच्या तोंडात तीन महिन्यांपासून एक जखम आहे, बरी होत नाही. तिकडचे डॉक्टर म्हणतात मोठ्या दवाखान्यात दाखवा. मोठा दवाखाना आपल्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. तेव्हा आत्याला इथे आणावं लागेल, निदान महिनाभर. "तुझी हरकत नसेल तर," असं तो शेवटी म्हणाला, आणि मग त्यानं वर पाहिलं. "आई, रक्त येतंय तुझ्या तोंडातून."

सून उठून बर्फ घेऊन आली. ती ग्रंथालयात काम करते आणि घरीसुद्धा इतकं हळू बोलते की तिच्या प्रत्येक वाक्यामागे कुणीतरी वाचत बसलंय असं वाटतं. बर्फ धरा आई, बोलू नका, उत्तराची घाई नाही, असं ती म्हणाली. घाई होती. बुधवारपर्यंत तिकडे कळवायचं होतं. मी बर्फ ओठाला धरला आणि मनातल्या मनात पहिला हिशेब केला तो जखमेचा. तोंडात, बरी न होणारी. कुठे? गालाला असेल तर कुठल्या बाजूच्या? हे मला मुलाला विचारता येत नव्हतं. कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकताना माझा चेहरा कसा झाला असता हे मला माहीत नव्हतं.

वन्संची पहिली कवळी मी केली होती. त्याला पस्तीस वर्षं झाली. आणि ती मी मुद्दाम वाईट केली होती.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि तो जाऊन बारा वर्षं झाली, म्हणजे आता सांगायला कुणी उरलेलंही नाही. आमच्या लॅबमध्ये दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचे ठसे पाठवायचे. त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेण, मेणात एकेक दात, आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी हिरडी. मेणात दात बसवणं हे माझं काम. मला ते शिकवलं ते एका म्हाताऱ्या कारागिरानं, ज्याला आम्ही सगळे कवळीमास्तर म्हणायचो. त्याच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नव्हता आणि त्यानं आपल्यासाठी कवळी कधी केली नाही. म्हणायचा, हलवाई स्वतःचे पेढे खातो का. तोच पहिल्या दिवशी म्हणाला होता की समोरचे दात सगळे बघतात, तिथे चूक झाली तर लोक हसतील. मागच्या दाढा कुणी बघत नाही, तिथे चूक झाली तर माणूस रडेल. वरची दाढ खालच्या दाढेच्या जरा बाहेर बसली पाहिजे, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. भिंतीवरच्या छज्ज्यासारखी. तो छज्जा गालाला बाहेर ढकलून धरतो. छज्जा ठेवला नाही, वरची आणि खालची दाढ कडेला कड लावून बसवली, तर तोंड मिटताना गाल मधे सापडतो. दर घासाला नाही. दहा घासांत एकदा, वीस घासांत एकदा, माणूस विसरला की. "गालाला जागा ठेव पोरी," एवढं म्हणून तो पुढच्या टेबलाकडे गेला होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी किती कवळ्या बसवल्या मोजलं नाही, पण गालाला जागा न ठेवलेली एकच.

सोमवारी ओठ सुजला आणि सुजलेला असल्यामुळे पुन्हा चावला गेला, त्याच जागी, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. चावल्या जागेचं हेच असतं. ती फुगते आणि दातांच्या वाटेत येऊन उभी राहते, जणू तिला सवय लागते. मंगळवारी आरशात ओठ उलटा करून पाहिला तर मधोमध पांढरा ठिपका आणि भोवती लाल रिंगण, टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडं मोठं. एवढ्याशा जागेनं सगळं घर व्यापलं. चहा गरम लागेना, नुसता जळता लागे. पाणी पिताना भांड्याची कड नेमकी तिथेच. 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ मिटावे लागतात आणि या भाषेत ते न म्हणता माणूस काय बोलणार? मी बोलणं सोडून दिलं. सुनेनं मिठाच्या गुळण्या सांगितल्या, मुलानं औषधाच्या दुकानातून एक नळी आणली, जी लावली की दोन मिनिटं ओठ लाकडाचा होतो. शेजारीण येऊन सांगून गेली की पोट साफ नसेल. तोंडात काहीही झालं की लोकांना पोट आठवतं. मी तिच्याकडे बघून मान हलवली आणि मनात तिला चांगली चार वाक्यं सुनावली, 'प', 'ब', 'म'सकट.

आणि जीभ. जीभ तिथे जातच राहते. तिला किती सांगा. दिवसभर ती त्या खड्ड्याच्या काठावरून फिरते, खोली मोजते, जरा दाबून बघते की अजून दुखतंय ना. दुखलं की परत येते आणि पाच मिनिटांनी पुन्हा जाते. अडतीस वर्षं मी एका दुपारच्या भोवती अशीच फिरते आहे.

त्या दुपारी नवऱ्याच्या कचेरीतले साहेब आणि त्यांच्या बाई आमच्याकडे जेवायला होते. त्याची बढती त्या जेवणावर अवलंबून होती, निदान त्याला तसं वाटत होतं. वन्सं तेव्हा आमच्याकडेच राहायच्या. नवऱ्याहून चार वर्षांनी मोठ्या, लग्न न केलेल्या, शिस्तीच्या, घरातल्या प्रत्येक डब्याचं झाकण कुठल्या डब्याचं हे पाठ असलेल्या. आमच्याकडे फोन नव्हता. फोन खाली घड्याळवाल्याच्या दुकानात होता आणि आमचे निरोप तो वर येऊन सांगून जायचा. माझी आई पाच तासांच्या वाटेवर, दुसऱ्या गावी, महिनाभर अंथरुणावर होती. मी सकाळपासून स्वयंपाकघरात होते आणि दारावर वन्सं होत्या. पाहुणे साडेबाराला आले, तीनला उठले. भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, मी हात पुसत होते तेव्हा वन्सं आत आल्या आणि म्हणाल्या, तुझ्या भावाचा फोन होता, आई जास्त आहे, ये म्हणून सांगितलंय. तेव्हा घड्याळात पावणेचार झाले होते. एकची बस गेली होती. साडेपाचची मिळाली. मी पोचले तेव्हा आईला जाऊन तीन तास झाले होते. वहिनीनं सांगितलं की चार-साडेचारपर्यंत शुद्ध होती, दाराकडे बघत होती, आणि दर वेळी कुणी आलं की नाव माझं घ्यायची. एकच्या बसनं मी सहाला पोचले असते. तेव्हा शुद्ध नव्हती पण श्वास होता. हात धरता आला असता. एवढंच. हात.

परत आल्यावर मी वन्संना विचारलं की फोन किती वाजता आला होता. तीन वाजून गेले होते, त्या म्हणाल्या, पाहुणे जिना उतरत होते तेव्हाच तो वर आला, मी लगेच सांगितलं. लगेच म्हणजे पाऊण तास. मी खाली घड्याळवाल्याकडे गेले. तो म्हणाला, मी स्वतः वर येऊन सांगून गेलो, जेवायला जायच्या आधी. तो जेवायला किती वाजता जातो? दुपारी, गिऱ्हाईक नसलं की. आठवडाभरानं पुन्हा विचारलं तेव्हा तो डोळ्याला भिंग लावून कामात होता. वर न बघताच म्हणाला, ताई, नक्की नाही सांगता यायचं. माझ्या दुकानात शंभर घड्याळं आहेत आणि प्रत्येकात वेगळी वेळ. मधल्या आठवड्यात वन्सं त्याच्याकडे पट्टा बदलायला गेल्या होत्या हे मला माहीत होतं. पट्टा तीन महिन्यांपूर्वीच बदललेला होता. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आता वेळ कळून काय होणार आहे, जाऊ दे. त्याला बढती मिळाली.

म्हणजे मला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं. एखाद्यानं मारलं हे ठाऊक असलं तर रागावता येतं. मारलं की नुसता धक्का लागला हेच कळत नसेल तर राग कुठे ठेवायचा? वर्षभरात वन्सं दुसऱ्या गावी मुलींच्या वसतिगृहाच्या प्रमुख होऊन गेल्या, आणि आणखी दोन वर्षांनी त्यांचे सगळे दात काढावे लागले. हिरड्या गेल्या होत्या. दात काढायला त्या आमच्याकडे आल्या, कारण ज्या डॉक्टरांचं काम आमच्या लॅबमध्ये यायचं त्यांच्याकडे सवलतीनं नाही तरी ओळखीनं झालं असतं. नवरा खूश होऊन म्हणाला, वा, घरचीच कवळी. ठसा आला तो मंगळवारी. मी त्यांचं तोंड प्लास्टरमध्ये हातात धरलं. ते तोंड, जे उघडायचं तेव्हा मिटलं होतं. खरंच मिटलं होतं की नाही हे मला माहीत नव्हतं, हे मी पुन्हा सांगते. तरी मी मेण तापवलं आणि चार दाढा, दोन डावीकडे दोन उजवीकडे, कडेला कड लावून बसवल्या. कवळीमास्तर तेव्हा नोकरीतून गेला होता. तो असता तर त्यानं लांबूनच ओळखलं असतं. समोरचे दात मात्र मी असे बसवले की तसे मी कुणाचे बसवले नाहीत. एक जरासा वाकडा, एक जरासा आत, खऱ्यासारखे. डॉक्टर म्हणाले, कमाल आहे.

पहिल्या महिन्यात त्या दोनदा आल्या. गाल चावला जातो गं, म्हणाल्या. मी कवळी घेऊन आत गेले, पाच मिनिटं बसले, कापडानं पुसून चकचकीत केली आणि परत आणून दिली. सवय होईल, म्हटलं. नव्या माणसांना वेळ लागतो. पुढे त्यांनी तक्रार केली नाही. पण दर वर्षी चार दिवस त्या आमच्याकडे यायच्या आणि जेवायला माझ्यासमोर बसायच्या, आणि मी बघायची. पहिला घास घेण्याआधी त्या गाल आतून जिभेनं जरा बाहेर ढकलायच्या. मग सावकाश, एका बाजूनं. मग कधीतरी, बोलण्याच्या नादात, तो क्षण यायचा. जबडा थांबायचा, डोळे अर्धे मिटायचे, हात ताटाच्या कडेवर स्थिर व्हायचा. नवऱ्याला कधी दिसलं नाही, मुलाला कधी दिसलं नाही. मी भाजी वाढू का विचारायची.

बुधवारी सकाळी मुलगा बूट घालता घालता म्हणाला, "आई, मग काय कळवू?" मी ओठ हातानं धरून म्हटलं, येऊ दे. त्याला वाटलं मी मोठ्या मनानं म्हटलं. मला ते तोंड बघायचं होतं. पस्तीस वर्षं एकाच जागी गाल चावला गेला तर तिथे काय होतं हे मला नोकरीमुळे ठाऊक होतं. लॅबमध्ये अशाही ठशांची कामं यायची, अर्धा जबडा काढलेल्यांची. रागाच्या भरात केलेल्या अर्ध्या दाण्याचं हे झालं असेल तर मी काय केलं त्याला नाव आहे. ते नाव मी त्या चार दिवसांत स्वतःशी अनेकदा घेतलं, ओठ न मिटता.

शनिवारी मुलगा त्यांना घेऊन आला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, काठी टेकत, पण केसाचा भांग सुतासारखा सरळ. आल्या आल्या त्यांनी दाराची कडी वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, ही अजून सैलच. मला म्हणाल्या, तुझं तोंड का सुजलंय? ओठ चावला, म्हटलं. "म्हातारपणी स्वतःचे दात असले की असं होतं," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. सून हसली. मी हसले नाही, हसायला दुखत होतं आणि नसतं दुखलं तरी हसले नसते. जेवताना मी समोर बसले. जिभेनं गाल बाहेर, सावकाश घास, एका बाजूनं. आठव्या की नवव्या घासाला डोळे अर्धे मिटले. माझी नजर ताटात गेली. पहिल्यांदा मला बघवलं नाही.

दुपारी मुलगा आणि सून बाहेर पडले आणि वन्संनी पलंगावर बसून पिशवीतून एक डबा काढला. मी औषधांचा कागद मागायला गेले होते. त्यांनी तोंडातली कवळी काढून पाण्याच्या वाटीत ठेवली आणि डब्याचं झाकण उघडलं. डब्यात दुसरी कवळी होती. मी कपाटाला धरून उभी राहिले. माझं काम मी पस्तीस वर्षांनीही ओळखते. वाटीतली माझी. तो जरासा वाकडा दात, तो जरासा आतला. आणि तिच्या दाढांवरचे उंचवटे अजून जसेच्या तसे टोकदार. नव्यासारखे. कवळीचे दात झिजतात, दहा वर्षांत गुळगुळीत होतात, वीस वर्षांत सपाट. डब्यातली कवळी सपाट होती, पार दगडी पाट्यासारखी, आणि खालच्या पट्टीला डावीकडे, जिभेच्या बाजूला, एक टवका उडालेला होता. वाटीतली कवळी पस्तीस वर्षं कुणी रोज जेवायला वापरलेली नव्हती. हे मला बोलण्याआधी कळलं, दाढा बघून.

"ही कुठली?" मी डब्याकडे बोट दाखवून विचारलं.

"तिकडची. ही तिसरी. पहिली सहा महिन्यांतच करून घेतली." दातांशिवाय त्यांचं तोंड आत गेलं होतं आणि शब्द मऊ येत होते. "तो तिकडचा डॉक्टर तुझी बघून म्हणाला, ज्यानं केलीय त्याला काम येत नाही. मी म्हटलं, येतं. फार चांगलं येतं."

मी म्हटलं, "मग ही कशाला ठेवली?"

"तुझ्याकडे येताना घालते. आता बसत नाही, चिकटवावी लागते. पण घालते."

"का?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, दोन्ही बाजूंनी दाबून नीट बसलंय ना पाहिलं. "तू बघत असतेस म्हणून," त्या म्हणाल्या, आणि मग दिवा मागितला. जखम दाखवते, म्हणाल्या, तुला त्यातलं कळतं. मी विजेरी आणली. जखम जिभेच्या डाव्या कडेला होती, लांबट, पांढरी, कडा कडक. गालाला नव्हती. माझ्या दाढा गाल चावतात, जीभ नाही. ती जखम त्या टवक्याची होती, हे कुठल्याही शिकाऊ माणसानं सांगितलं असतं. मी विजेरी बंद केली. ते मी केलं नव्हतं. सहा दिवस जे नाव मी घेत होते ते माझं नाही. सुटका व्हायला पाहिजे होती, आणि झालीही, खिडकीजवळ जाऊन उभी राहीपर्यंत ती टिकली. मग राग आला. इतका की ओठातला फोड ठसठसू लागला. पस्तीस वर्षं मला वाटत होतं की हे माझं आहे, माझ्या हातचं, त्यांच्या नकळत. आणि वन्सं वर्षातून चार दिवस, ठरवून, पिशवीतून काढून, चिकटवून, माझ्यासमोर बसून गाल चावून घेत होत्या. त्यांना जेवढं द्यायचं तेवढं मोजून देत होत्या. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस त्या तिकडे मजेत जेवत होत्या. मी केलेला गुन्हासुद्धा त्यांनी माझ्या ताब्यात राहू दिला नाही. आणि कशासाठी देत होत्या? ज्यानं काही केलं नाही तो असं का देईल? हेही मला कळलं. पण त्यांनी ते म्हटलं नव्हतं. म्हणायचं नाही म्हणूनच तर गाल.

सोमवारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं टवका पाहिला आणि डब्यातली कवळी कागदात गुंडाळून परत दिली. ही दोन आठवडे घालायची नाही, म्हणाला. ही लागतेय जिभेला. बहुतेक तेवढ्यानं बरी होईल, नाही झाली तर छोटा तुकडा काढून तपासू. दुसरी आहे ना? वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आहे की, ही घरचीच. मुलगा गाडीत म्हणाला, बरं झालं, आईच्या हातची आहे. दोन आठवडे. दिवसातून तीनदा. पूर्वी वर्षाकाठी चार दिवस होतं ते आता रोज, माझ्याच टेबलावर. पहिल्या दिवशी तीनदा, दुसऱ्या दिवशी पाच वेळा. सपाट दाढांची सवय झालेलं तोंड टोकदार दाढांत सापडत होतं. गालाच्या आत दोन्हीकडे माझ्या ओठासारखे फोड आले. त्या तक्रार करेनात. सून हळू आवाजात मिठाच्या गुळण्या सांगायची आणि आम्ही दोघी एकाच वेळी, एक स्वयंपाकघरात आणि एक न्हाणीघरात, गुळण्या करायचो. मला तिकडून त्यांच्या घशाचा आवाज यायचा. त्यांना माझा जात असणार. त्या सढळ हातानं देत होत्या. एवढं दिलं की हिशेब पुरा झाला असं त्या एक दिवस उठून मनातल्या मनात ठरवतील आणि मला कधी कळणारही नाही, अशी मला भीती वाटू लागली.

गुरुवारी दुपारी त्या झोपल्या. वाटी उशाशी होती. मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून माझा जुना पत्र्याचा डबा काढला. मेणाची सुरी, स्पिरिटचा दिवा, दोन बारीक कानशी, पॉलिशचे कागद. हात थरथरतात हल्ली, पण कानस हातात आली की थरथर थांबते. ते हाताला आठवतं, मला नाही. खालच्या चार दाढांची बाहेरची कड घासायची, गोल करायची, म्हणजे वरची दाढ आपोआप बाहेर उरते. तांदळाचा अर्धा दाणा. पांढरी भुकटी खिडकीच्या चौकटीवर पडत राहिली. पंचवीस मिनिटं लागली. मास्तर असता तर म्हणाला असता, एवढंच होतं तर तेव्हा का नाही केलंस? आतल्या खोलीत वन्सं घोरत होत्या. मी हे मायेनं करत नव्हते, हे स्पष्ट लिहिते. मला त्यांच्या हातातून ते काढून घ्यायचं होतं. कवळी धुऊन वाटीत ठेवली, होती त्याच कुशीवर.

संध्याकाळी जेवायला चौघं बसलो. सूप होतं, पाव होता, उकडलेल्या भाज्या. मुलगा कुठल्याशा जुन्या इमारतीतल्या लिफ्टबद्दल सांगत होता, जिचा दोर बदलायला लोक वीस वर्षं टाळाटाळ करत होते. वन्संनी जिभेनं गाल बाहेर ढकलला आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. मी बघत होते, पूर्वीसारखी. दहावा घास गेला. पंधरावा. त्या मुद्दाम जोरात चावायला लागल्या हे मला दिसलं. डावीकडून, मग उजवीकडून, पावाचा कडक भाग निवडून. जबडा थांबला नाही. डोळे मिटले नाहीत. मग त्या एकदम थांबल्या. जीभ आतून दाढांच्या कडेवरून फिरली, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अडतीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. आजवर त्या माझ्याकडे शांतपणे बघत आल्या होत्या. ही नजर चिडलेल्या माणसाची होती, ज्याच्या खिशातलं कुणी काढून घेतलंय. मीही नजर हलवली नाही. माझी जीभ ओठाकडे गेली. फोड बसला होता. तिथे आता गुळगुळीत होतं.

"आत्या, लागतंय का काही?" सुनेनं हळूच विचारलं.

"नाही," वन्सं म्हणाल्या. "काहीच लागत नाही." त्यांनी चमचा ताटाच्या कडेला ठेवला, तो सरळ केला, पाण्याचा घोट घेतला. भांडं खाली ठेवताना थोडं पाणी सांडलं. ते त्यांनी बोटानं पुसलं. मग माझ्याकडे बघतच, जेवणातलं काही मागावं तशा आवाजात म्हणाल्या, "निरोप सव्वाअकराला आला होता."

मुलानं लिफ्टची गोष्ट अर्ध्यावर सोडली. "कसला निरोप?" त्यानं विचारलं.

मी मिठाची बाटली त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती घेतली. आम्ही दोघी जेवत राहिलो.